जामनेरचा टांगा आणि नाव नसलेलं मरण

शिर्डी म्हटलं की उदी आली, आणि उदीच्या गोष्टींत जामनेरची गोष्ट हमखास निघते. साईसच्चरिताच्या 33व्या अध्यायात ती आहे. नानासाहेब चांदोरकर तेव्हा जामनेरला मामलेदार होते. त्यांची मुलगी मैनाताई बाळंतपणात अडली होती. बाबांनी रामगीरबुवांना उदी देऊन शिर्डीहून पाठवलं. जवळ दोनच रुपये. जळगावचं तिकीट काढल्यावर उरले दोन आणे. तिथून रात्री अचानक टांगा मिळाला, उदी पोचली, मैनाताई सुखरूप सुटली.

चमत्कार खरा की खोटा, हा आजचा विषय नाही. मला दिसते ती त्यातली भीती. मामलेदाराच्या घरातसुद्धा बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ होती.

मैनाताई अडली होती, हे घरच्यांना दिसत तरी होतं. पण काही बायका सगळं नीट चाललेलं असताना मिनिटांत जायच्या. एकदम धाप लागायची, रक्तदाब कोसळायचा, मग रक्तस्राव थांबायचाच नाही. या मरणाला नाव नव्हतं. त्यामुळे दोष कधी नशिबाला, कधी सुईणीला.

1926 मध्ये ब्राझीलमध्ये मेयर यांनी अशा एका केसची पहिली नोंद केली. 1941 मध्ये शिकागोच्या स्टायनर आणि लशबॉ यांनी बाळंतपणात अचानक गेलेल्या 8 बायकांची शवविच्छेदनं मांडली. आईच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत बाळाच्या त्वचेच्या पेशी होत्या, म्हणजे गर्भजल आईच्या रक्तात शिरलं होतं. नाव पडलं अम्निऑटिक फ्लुइड एम्बॉलिझम. आधी वाटलं, वाहिन्या तुंबतात. 1995 मध्ये स्टीव्हन क्लार्क यांनी वेगळं मांडलं: आईच्या शरीराची त्या द्रवावरची तीव्र प्रतिक्रिया हे मुख्य कारण असावं.

हा प्रकार फार दुर्मीळ. अंदाज वेगवेगळे आहेत, पण साधारण 40 हजार बाळंतपणांत एक असं धरतात. आधी कळत नाही, टाळता येत नाही, खात्रीची एक अशी तपासणी आजही नाही. उपचार म्हणजे वेग: लगेच सीपीआर, गरज पडली तर काही मिनिटांत सिझेरियन, भरपूर रक्त, आयसीयू.

2018-20 च्या सरकारी आकडेवारीत महाराष्ट्रात लाखभर जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू होते, देशात 97. सुधारणा मोठी आहे. तरी बाळंतपणाचं हॉस्पिटल ठरवताना एक गोष्ट नक्की विचारा: रात्री दोन वाजता लागलं, तर रक्त किती वेळात येईल? जामनेरच्या गोष्टीत टांगा वेळेवर आला. तो दर वेळी येईलच असं नाही.