भाडं न येणाऱ्या घराचं भाडं

मंडळी, परवा आमच्याही दारात नगरपालिकेचा माणूस नोटीस देऊन गेला. चतुर्थ वार्षिक कर आकारणी. परसात आमची एक पत्र्याची शेड आहे, सायकली आणि सरपण ठेवायची. कागदावर ती आरसीसी झालीय! गल्लीत विचारलं तर अजून तीन-चार घरांत असलेच घोळ. टपरीवर शिव्या सगळ्यांनी घातल्या. हरकत अर्ज कुणी दिला विचारलं, तर सगळे चहात बघायला लागले. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

नोटिशीत 'वार्षिक भाडेमूल्य' असा रकाना आहे. त्यावर जो तो विचारतोय, "घर माझं, राहतो मी, मग भाडं कसलं?" या भाड्याची गोष्ट दोनशे वर्षांहून जुनी आहे.

१८१० साली ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारसच्या शहरांत घरपट्टी लावली. राहत्या घराला वार्षिक भाड्याच्या ५ टक्के, दुकानाला १० टक्के. आणि मालक स्वतःच राहत असेल तर? शेजारच्या तसल्याच घराला जे भाडं येतं, ते त्याचंही धरायचं. बघा, आपल्या नोटिशीतला रकाना कुठून आलाय ते.

डिसेंबर १८१० च्या अखेरीस बनारस बंद पडलं. दुकानं बंद, नावा बंद. लोहारांनी हत्यारं खाली ठेवली, बाकीच्या जातींनी त्यांच्या मागोमाग. हजारो माणसं घरंदारं सोडून शहराबाहेर मैदानात धरणं धरून बसली, तीही भर थंडीत. प्रेतांना नीट अग्नी द्यायलाही माणसं मिळेनात, अशी नोंद कंपनीच्याच कागदांत आहे. एवढं असून दंगल नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांना तेच कळेना, की मारामारीच करत नाहीत तर गोळी घालायची कुणावर?

लोकांनी अर्जही केला होता. मुद्रांक शुल्क आहे, कोर्ट फी आहे, जकात आहे, वर आता राहत्या घरावरही? सरकारने अर्ज उद्धट ठरवून फेटाळला. पण जानेवारी १८११ मध्येच सवलती द्याव्या लागल्या, पाटणा-भागलपूरकडेही विरोध पसरला आणि १८१२ मध्ये पट्टी रद्द झाली. हे सगळे कागद शोधून १९७१ साली छापले धरमपाल यांनी. शेवटची वर्षं ते आपल्या सेवाग्रामलाच होते, तिथेच २००६ मध्ये गेले. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे, देव जाणे.

घरपट्टी मात्र गेली ती कायमची नाही. नगरपालिका आल्या तशी तीही परत आली. फरक एवढाच, की आता कायद्यात तक्रारीला जागा ठेवावी लागली. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाकडे अपील. मुंबई इलाख्यातल्या लहान गावांसाठी १९०१ चा कायदा आला, त्यात मॅजिस्ट्रेटकडे. म्हणजे ज्याने पट्टी बसवली, त्याच्याबाहेरचा कुणीतरी ती तपासणार. माझ्या मते आपल्या नगरपालिकांच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे. शाळेच्या पुस्तकात लॉर्ड रिपन आहे, ही नाही.

आणि ती जागा लोकांनी वापरली. १९६१ मध्ये कलकत्त्याच्या पद्मा देबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भाडेनियंत्रण कायद्याने ठरलेल्या भाड्यापेक्षा जास्त भाडं आकारणीत धरता येणार नाही. १९७९ च्या डिसेंबरात दिल्लीच्या दिवाण दौलत राय कपूर खटल्यात हेच तत्त्व मालक स्वतः राहतो त्या घरालाही लावलं. पुढे कायदे बदलले, काही शहरांत भांडवली मूल्य आलं. तिथेही मुंबईच्या २०१० च्या नियमांतला काही भाग उच्च न्यायालयाने रद्द केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

आपल्याकडे १९६५ चा नगरपरिषद कायदा लागू आहे. आधी हरकत, मग सुनावणी, मग अपील समिती. पण अपिलाला जायचं तर आधी रक्कम भरा! ही अट मला तरी अन्यायाची वाटते. ज्याच्याकडे भरायला पैसे नाहीत त्यानेच तर दाद मागायची असते ना? म्हणून हरकतीचा टप्पा सोडू नका. तिथे पैसे भरावे लागत नाहीत.

शेडचा फोटो, टेपने घेतलेली मापं, गेल्या आकारणीचं बिल आणि बांधकाम परवान्याची झेरॉक्स एवढं मी जोडलंय. "जादा आहे, कमी करा" असं मोघम लिहू नका. कुठली खोली, किती चौरस फूट, कसलं छप्पर, ते लिहा. नोटिशीवर मुदतीची तारीख खाली बारीक अक्षरात आहे. सोमवारी अकराला मी अर्ज घेऊन जातोय. कुणाला लिहून हवा असेल तर रविवारी संध्याकाळी घरी या. दोन प्रती आणा, एकीवर आवक-जावकचा शिक्का घ्यायचाय.