न वाजणारी छडी

आपल्या बैठकीत गवई समेवर आला की तबलजी, पेटीवाला आणि श्रोते सारेच मान डोलावतात. तेथे छडी घेऊन उभा राहणारा कोणी लागत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची तऱ्हाच निराळी. ऐंशी-शंभर वादक, प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचा लिहिलेला कागद. आणि त्या सर्वांना एका श्वासात आणणारा संचालक स्वतः मात्र एकही सूर वाजवीत नाही! मुलुंडच्या शाळेत पन्नास पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला या मुक्या छडीचे नवल वाटावे, हे साहजिकच आहे.

या छडीच्या बळावर जगभर गाजलेला मुंबईकर म्हणजे झुबिन मेहता. पण त्याची कथा बापापासून सांगावी लागते. मेहली मेहता हे पारशी व्हायोलिनवादक. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. हौशी पारशी, पोटासाठी वाजवणारे गोमंतकीय, नौदलाच्या बँडमधले वादक, असा तो मेळा. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल १९३६ रोजी, झुबिनचा जन्म झाला. महायुद्ध संपल्यावर मेहली अधिक शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले आणि काही वर्षे घर बापावाचून राहिले.

संगीतावर संसार चालतो का, ही धास्ती त्या घरालाही होतीच. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून त्याला सेंट झेवियर्स कॉलेजात घातले. त्याचे मन रमेना. १९५४ साली, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की या गुरूंकडे गेला. १९५८ साली लिव्हरपूलची संचालकांची स्पर्धा त्याने जिंकली. मग माँट्रिऑल, १९६२पासून लॉस एंजेलिस, १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क, आणि २०१९पर्यंत इस्रायलचा वाद्यवृंद. १९९४ साली युद्धाने जळालेल्या सारायेव्होच्या ग्रंथालयाच्या भग्न भिंतींत त्याने मोझार्टचे ‘रेक्विएम’ सादर केले. मृतांसाठीचे ते संगीत याहून योग्य जागी क्वचितच वाजले असेल.

लेकाचे कौतुक सारे जग करते. मला आठवण होते ती बापाची. १९५५ साली मेहलींनीही मुंबई सोडली. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात ते वाजवू लागले. पुढे अमेरिकेत, १९६४पासून तीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी तरुण वादकांचा वाद्यवृंद घडवला. २००२ साली लॉस एंजेलिसलाच त्यांचा देह पडला. जे रोप ते मुंबईत लावू पाहत होते, ते परक्या मातीत फोफावले!

दोष कोणाला द्यावा? टाळ्या देणारे गाव निराळे आणि पगार देणारे गाव निराळे. वाद्यवृंदाला दोन्ही लागतात. १९९५ साली मेहलींच्या नावाने मुंबईत संस्था निघाली. ती मुलांना हे संगीत शिकवते. २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला आणि ऑगस्ट २०२३मध्ये सत्त्याऐंशी वर्षांच्या झुबिनने मुंबईत त्याचे संचालन केले.

वाचकहो, दिवाळीत आपण लेकाच्या यशाचे पेढे वाटतो. एक पेढा अशा बापांसाठीही बाजूला ठेवावा, ज्यांच्या हातची छडी आपल्या गावाला नीट ऐकू आली नाही.