पसंतीक्रमाचे गणित

बुद्धिबळाच्या पटावर आपली चाल बरोबर की चूक हे केवळ आपल्या हुशारीवर ठरत नाही. समोरचा काय करील, यावरही ते अवलंबून असते. व्यवहारात असे प्रसंग पदोपदी येतात. त्यांचा गणिताने विचार करणाऱ्या शास्त्रास ‘गेम थिअरी’ अर्थात खेळ सिद्धांत म्हणतात. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचा या विषयावरील पायाभूत ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. पुढे युद्धनीती, व्यापार, लिलाव अशा अनेक क्षेत्रांत या शास्त्राचा उपयोग होऊ लागला. परंतु शाळाप्रवेशाचा प्रश्न त्याने कसा हाती घेतला, ही हकीकत आपणास अधिक जिव्हाळ्याची वाटेल.

अमेरिकेतील बोस्टन शहरात पालक सरकारी शाळांची नावे पसंतीक्रमाने लिहून देत. प्रत्येक शाळेतील जागा आधी पहिली पसंती देणाऱ्यांना मिळत. जागा उरल्या तरच दुसऱ्या पसंतीच्या मुलांचा विचार होई. वरवर पाहता यात काहीच गैर दिसत नाही. परंतु समजा, एका मुलाने गर्दीच्या शाळेला पहिली पसंती दिली आणि तेथे त्याचा नंबर लागला नाही. तोपर्यंत त्याच्या घराजवळची, दुसऱ्या पसंतीची शाळाही भरून गेलेली असे! म्हणजे खरी आवड लिहिणारा फसे व हिशेब करून लिहिणाऱ्याचे साधे. काही जाणते पालक एकत्र जमून अशा युक्त्यांची चर्चा करीत. ज्या आईबापांना हे डावपेच ठाऊक नसत, त्यांच्या मुलांचे मात्र नुकसान होई.

यावरील तोड फार पूर्वीच निघाली होती. डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली या दोघा गणितज्ञांनी १९६२ साली एका छोट्या लेखात ती मांडली. प्रत्येक विद्यार्थी प्रथम आपल्या आवडत्या शाळेकडे अर्ज करतो. शाळा आपल्या नियमांप्रमाणे जागांइतकी मुले निवडते, परंतु प्रवेश पक्का करीत नाही. ज्यांना नकार मिळाला ते पुढच्या पसंतीकडे जातात. ती शाळा आधीची मुले व नवी मुले यांचा एकत्र, नव्याने विचार करते. अर्ज उशिरा आला म्हणून कोणी मागे पडत नाही. नकार थांबले की सर्व प्रवेश पक्के होतात. हव्या तितक्या शाळा लिहिण्याची मुभा असेल, तर या पद्धतीत खोटा पसंतीक्रम लिहून विद्यार्थ्याला काडीचाही लाभ होत नाही, हे गणिताने सिद्ध झाले आहे.

अतिला अब्दुलकादिरोलू व तायफुन सोन्मेझ या तुर्की अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली बोस्टनच्या पद्धतीतील दोष दाखवून दिले. २००५ साली त्या शहराने जुनी पद्धत सोडून ही नवी पद्धत स्वीकारली. त्याआधीच न्यूयॉर्कने आपल्या हायस्कूल प्रवेशांसाठी ती घेतली होती. तेथे पूर्वी दरवर्षी सुमारे ३०,००० मुलांना यादीत न लिहिलेल्या शाळेत पाठविले जाई. नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी ही संख्या सुमारे ३,००० वर आली. या क्षेत्रातील कार्याबद्दल शॅप्ली व अल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातही २०१५ पासून आयआयटी व एनआयटी यांच्या संयुक्त जागावाटपात याच विचारावर आधारलेली पद्धत वापरली जाते.

पालकांनी यातून एक गोष्ट अवश्य ध्यानी घ्यावी. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी जागा कोणत्या नियमाने वाटल्या जाणार आहेत, याची नीट चौकशी करावी. नियम या पद्धतीचा असेल, तर ‘नंबर लागणार नाही’ या भीतीने मुलाच्या आवडीची संस्था खाली ढकलू नये. अर्थात कितीही उत्तम गणित एकही जागा वाढवू शकत नाही. चांगल्या शाळा आपणच उभ्या करावयाच्या आहेत. परंतु आहेत त्या जागा वाटताना साध्या, सरळ माणसाचा तोटा होऊ नये, एवढी व्यवस्था मात्र गणित करू शकते.