तळटीप १४ : लोह ऑक्साइडचे नॅनोकण

१४. ‘चुंबकी कण’ : लोह ऑक्साइडचे हे कण साधारण १० ते १५ नॅनोमीटर व्यासाचे असतात (१ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). इतक्या लहान आकारात त्यांचे चुंबकत्व बाहेरचे क्षेत्र असेपर्यंतच टिकते. ते काढले की कण एकमेकांना चिकटत नाहीत. निदानात यकृतातील कुप्फर पेशी हे कण गिळतात. एमआरआयमध्ये निरोगी भाग काळा दिसतो, गाठीत त्या पेशी जवळजवळ नसल्याने ती उजळ उठून दिसते. उपचारात कण थेट गाठीत टोचतात आणि सेकंदाला सुमारे एक लाख वेळा दिशा बदलणाऱ्या चुंबकी क्षेत्राने तापवतात. गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये कुत्र्यांच्या लसिका ग्रंथींवर ही कल्पना तपासली होती. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीच्या पद्धतीला मेंदूतील गाठींसाठी युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली. मात्र उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमावरील तिच्या चाचणीत रुग्णांना रेडिएशनही दिले होते. शिवाय मेंदूत राहिलेले कण पुढच्या एमआरआयला अडथळा ठरतात. म्हणून मूळ मजकुरातील ‘रेडिएशनला पर्याय’ हे शब्द वाचकांनी ‘रेडिएशनला जोड’ असे वाचावेत. — संपा.