सिद्दी भगिनींची कवंदी : एका उपेक्षित कलेचा इतिहास

दख्खनच्या इतिहासात हबशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक मलिक अंबर आणि दुसरी जंजिऱ्याची तटबंदी. आफ्रिकेत गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा बगदादच्या एका धन्याच्या घरी लिहावयास-वाचावयास शिकतो, पुढे अहमदनगरला येतो, बुडत्या निजामशाहीचा आधार होतो, मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवतो आणि १६१० मध्ये खडकी हे शहर वसवतो. हेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने तेथे आणलेले नहरीचे पाणी आणि खुलताबादेतील त्याची कबर यांविषयी आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. १६२६ मध्ये तो वारला. जंजिऱ्याचे सिद्दी तर १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत राज्य करीत होते.

परंतु समुद्रापलीकडून आलेले सगळेच काही सरदार झाले नाहीत. ज्यांना तलवार मिळाली त्यांची नावे तवारिखांत आली. ज्यांच्या हाती कोयता, कुदळ किंवा दुसऱ्याच्या घरची भांडी आली, त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. त्यांच्यातील स्त्रियांची तर नाहीच नाही. अशा स्त्रियांनी मागे काय ठेवले, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे एक उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात, कारवारच्या वरच्या अंगाला असलेल्या जंगलात मिळते. ते उत्तर म्हणजे एक गोधडी. तिला तेथे कवंदी म्हणतात.

स्मरणिकेच्या पानांत गोधडीचे काय काम, असे एखादा वाचक म्हणेल. त्याने थोडा धीर धरावा.

उत्तर कन्नड जिल्हा हा आपल्याला परका नव्हे. १८६२ पासून १९५६ पर्यंत तो मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात होता. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड हे त्याचे घाटमाथ्यावरील तालुके. बेळगावहून हल्याळ तर अगदी जवळ, आणि तेथील बाजारात मराठी आजही ऐकू येते. या तालुक्यांतील जंगलालगतच्या वस्त्यांत सिद्दी जमात राहते. काही मुसलमान, काही ख्रिस्ती, काही हिंदू. पण तिघेही स्वतःला आधी सिद्दी म्हणवतात. त्यांची घरची बोली कोकणीच्या वळणाची असून तीत मराठी व कानडी शब्दांची भर आहे. रंगाने व केसांनी ते आफ्रिकी, बोलीने कोकणी, पेहरावाने शेजाऱ्यांसारखे.

हे लोक येथे कसे आले? पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोवा घेतला आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून माणसे जहाजांत घालून आणण्याचा धंदा सुरू झाला. गोव्यात गुलामांचा उघड बाजार भरे. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे राहिलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. धन्याच्या जाचाला कंटाळून जे पळाले त्यांना घाट चढून गेल्यावर गर्द रान मिळाले आणि त्या रानात पोर्तुगीजांचा हात पोहोचत नव्हता. पोर्तुगीज राज्यात गुलामी कायद्याने संपविण्याचे फर्मान १८६९ मध्ये निघाले. तोवर हे पलायन पिढ्यान्पिढ्या चालले असावे. सगळेच गोव्याहून पळून आले असेही नाही. मुसलमान सिद्द्यांपैकी काहींचे पूर्वज विजापूर वगैरे दख्खनी दरबारांच्या आश्रयाला असावेत, असे अभ्यासक मानतात. जंजिऱ्याच्या नबाबांशी मात्र या जंगलातील गरीब सिद्द्यांचे नाते लावण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. एक नाव दोन वेगळ्या कहाण्यांना चिकटले आहे, इतकेच.

येथे एक विरोध नोंदविल्याशिवाय राहवत नाही. जे पोर्तुगीज व्यापारी माणसे आणीत होते, तेच बंगालमधील सातगावहून टसर रेशमाने भरलेल्या सुरेख रजया लिस्बनला नेत होते. त्या रजया आज युरोपातील वस्तुसंग्रहालयांत काचेआड जपून ठेवल्या आहेत. शिकारीची दृश्ये, जहाजे, बायबलातील प्रसंग, सारे त्यांवर आहे. त्याच राज्यातून पळालेल्या माणसांच्या बायकांनी फाटक्या चिंध्यांतून जे शिवले, ते कलेत मोजले जावयास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले.

आता कवंदी प्रत्यक्ष कशी होते ते पाहू; कारण तिची सारी गंमत तिच्या रीतीत आहे.

आपल्याकडे आई-आजी गोधडी घालीत ती बहुधा अशी : जुने लुगडे किंवा धोतर पसरायचे, आत फाटके कपडे नीट अंथरायचे, वर दुसरे लुगडे घालायचे आणि मग धावदोऱ्याने सगळे एकत्र शिवायचे. सिद्दी बाईची रीत निराळी आहे. ती जुन्या साडीचे अस्तर जमिनीवर पसरते आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करते. हातातील कापडाचा तुकडा घेऊन त्याची कड आत मुडपते आणि लगोलग अस्तरावर शिवून टाकते. मग त्याला लागून दुसरा, मग तिसरा. आधी तुकडे जोडून नक्षी तयार करायची व मग ती अस्तरावर लावायची, असा प्रकार नाही. जोडणे आणि शिवणे एकाच वेळी चालते. कडेकडेने जात, चारही बाजू फिरत, ती हळूहळू मध्याकडे सरकते. टाक्यांच्या ओळी एकमेकींना समांतर, जवळजवळ, सगळ्या थरांतून आरपार. शेवटचा तुकडा मधोमध बसतो. चौकट नाही, खडूची रेघ नाही, कागदावरचा आराखडा नाही. पुढचा तुकडा लाल घ्यायचा की निळा, लांबट की चौकोनी, हे तिच्या नजरेने ठरते.

म्हणूनच दोन कवंद्या कधी सारख्या होत नाहीत. लहान मुलाच्या दुपट्यावर बारीक बारीक भडक तुकडे वरून लावतात, त्यांना टिकली या अर्थाचे नाव आहे. ख्रिस्ती बाईच्या कवंदीत कधी क्रूस दिसतो, मुसलमान बाईच्या कवंदीत कधी चंद्रकोर. पण ओळखायचे म्हटले तर नक्षीवरून धर्म ओळखणे अवघडच. रीत तीच, टाका तोच, रंगांची धिटाईही तीच.

आणि सगळ्यात शेवटी फुले. चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घालून केलेले त्रिकोणी तुकडे शिवतात, त्यांना फूल म्हणतात. थंडीपासून बचाव करण्याच्या कामी या फुलांचा काडीचाही उपयोग नाही. तरीही ती नसली तर कवंदी पुरी झाली असे कोणी मानीत नाही. फुलांवाचून ती उघडी दिसते, असे या बायका म्हणतात. वाचकहो, या एका गोष्टीपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. ज्या घरात अंगावर धड कापड नाही, पांघरुणाला नवे कापड घेण्याची ऐपत नाही, त्या घरातील बाई निरुपयोगी अशा चार फुलांकरिता तुकडे राखून ठेवते. कला कशाला म्हणावे, यावर विद्वानांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. मला हे चार कोपरे पुरेसे वाटतात.

ठिगळाला आपल्या परंपरेत हीन मानलेले नाही, हेही आठवावे. सूफी फकिरांच्या ठिगळाच्या खिरक्याला मुरक्का असा शब्द होता. आणि पुढे मोगल काळात निवडक चित्रे व सुलेखनाचे नमुने एकत्र बांधून जो संग्रह करीत त्यालाही मुरक्काच म्हणू लागले. बादशहाच्या चित्रसंग्रहाला आणि फकिराच्या झग्याला एकच नाव! इकडे महाराष्ट्रात गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, तेही अंगावरच्या चिंध्यांमुळेच.

आता वादाचा मुद्दा. अमेरिकेतील काळ्या स्त्रियांच्या गोधड्या आणि सिद्दी स्त्रियांच्या कवंद्या शेजारी ठेवल्या तर पाहणारा चकित होतो. अलाबामा राज्यातील गीज बेंड हे एका नदीच्या वळणावरचे गाव. तेथील स्त्रिया कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांच्या वंशज. त्यांच्या गोधड्यांत हेच उभे-आडवे पट्टे, हीच रंगांची बेधडक मांडणी आहे. तेव्हा ही आफ्रिकेची रक्तातून आलेली आठवण आहे, असे काही जण उत्साहाने सांगतात. कल्पना मोहक खरी. पण इतिहास मोहावर चालत नाही. रोज अंथरायची-पांघरायची वस्तू काही वर्षांत झिजून जाते, मग तिच्याच चिंध्या नव्या कवंदीच्या पोटात जातात. दोनशे वर्षांपूर्वीची कवंदी समोर ठेवून ताडून पाहावे, तर ती उरणार कोठून? शिवाय उत्तर कर्नाटकात शेजारच्या इतर जातींच्या बायकाही कौदी शिवतात, सिंध-कच्छकडे रल्ली होते, बंगालमध्ये कांथा. कवंदी हे नावही कौदीच्याच घरातले दिसते. माझ्या मते या स्त्रियांनी वस्तू शेजाऱ्यांकडून घेतली असेल, पण तिला वळण आपले दिले. त्यांचे श्रेय मान्य करण्यासाठी रक्ताचा दाखला मागण्याची गरज नाही.

गीज बेंडचा उल्लेख केला तो आणखी एका कारणाने. तेथील भागात नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात मतदार म्हणून नाव नोंदविण्याचे धाडस करणाऱ्या काळ्या लोकांची कामे गेली, घरे गेली. १९६२ मध्ये गावाला तालुक्याच्या गावी नेणारी तर बंद झाली, ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. अशा दिवसांत, १९६६ मध्ये, तेथील परिसरातील स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. पुढे २००२ मध्ये ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत त्यांच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये त्यांची चित्रे टपाल तिकिटांवर आली. मान मिळाला. पण नक्षी वापरून होणाऱ्या कमाईत आपला वाटा किती, या प्रश्नावर २००७ मध्ये काही स्त्रियांना कोर्टाची पायरी चढावी लागली. हे प्रकरण सिद्दी भगिनींनी व त्यांच्या हितचिंतकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सिद्द्यांकडे बाहेरच्या जगाचे लक्ष उशिराच गेले. टी. सी. पालाक्षप्पा यांचा उत्तर कन्नडच्या सिद्द्यांवरील ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. त्यात व त्यानंतरच्या लिखाणात जमीन, कर्ज आणि मजुरी हे विषय आले, आणि ते यावयासच हवे होते. या जिल्ह्यातील सिद्द्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. स्वातंत्र्यानंतर साडेपाच दशकांनी! ज्यांचा चेहराच ते कोठून आले हे सांगतो, त्यांना दाखला मिळावयास इतका काळ का लागला, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आफ्रिकी कलेचे अभ्यासक हेन्री ड्रेवाल हे या वस्त्यांत आले. अंगणात वाळत घातलेल्या कवंद्यांवर त्यांची नजर खिळली. त्यांच्या व सारा खान यांच्या साहाय्याने २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था उभी राहिली. कवंदी बाहेरच्या ग्राहकापर्यंत जावी आणि तिचा मोबदला शिवणाऱ्या बाईच्या हाती पडावा, हा तिचा हेतू. मुसलमान, ख्रिस्ती व हिंदू तिन्ही घरांतील स्त्रिया त्यात आल्या. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील शॉम्बर्ग केंद्रात या कवंद्यांचे प्रदर्शन झाले. त्याच केंद्राने २०१३ मध्ये भारतातील आफ्रिकी सेनापती व राज्यकर्ते यांच्यावर प्रदर्शन मांडले, त्यात मलिक अंबर होता. एका छताखाली गोधडी आधी आली आणि सेनापती मागून, हे मला फार आवडले.

परंतु भिंतीवर टांगल्याने नवे प्रश्न उभे राहतात. विकत घेणाऱ्याला स्वच्छ, नवे, न विटलेले कापड हवे असते. कवंदीचा जीव तर वापरलेल्या कापडात. आईची साडी, बापाचा सदरा, थोरल्याने टाकलेला शाळेचा गणवेश, हे सारे तिच्यात असते. नव्या कापडाची कवंदी दिसायला सुंदर होईल, पण तिच्यात घर असेल का? उलट, बाईला चार पैसे मिळत असताना जुन्याचाच आग्रह धरणे हेही आपल्यासारख्या पोटभरल्या माणसांनाच शोभते. मुलगी शाळेत जावी, तिची फी वेळेवर भरली जावी, यासाठी आईने नव्या कापडावर टाके घातले तर त्यात वाईट काय? दुसरीकडे बाजारात स्वस्त ब्लँकेट आले आहे. ते रात्र काढायला पुरते, आणि शाळेतून थकून आलेल्या मुलीला आईजवळ बसून सुई धरायला सवड नसते. मुलीच्या शिक्षणाच्या आड कवंदी येऊ नये, हे तर निर्विवाद. मात्र शिवणकामाच्या तासाला आपल्या मुलींना आपण विलायती भरतकामाचे नमुने गिरवावयास लावतो, त्यात एखादा तास या रीतीला दिला तर अभ्यासाचे काही नुकसान होणार नाही.

वाचकांपैकी कोणी हल्याळ, मुंडगोडच्या बाजूस गेले आणि कवंदी विकत घेण्याचा योग आला, तर एवढे करावे. भाव करताना बाजारच्या ब्लँकेटशी तुलना करू नये. कवंदी उलटी करून मागची बाजू पाहावी. टाक्यांची खरी ओळ तेथे दिसते. कडेपासून मध्यापर्यंत बोट फिरवावे, म्हणजे बाई कोठून निघाली व कोठे थांबली ते कळेल. आणि चारी कोपऱ्यांना फुले आहेत की नाहीत ते बघून घ्यावे. नसतील तर ती लावून होईपर्यंत ओट्यावर बसून राहावे.