धमनीवलयावरील तळटीप

१. मूळ ग्रंथात मेंदूच्या तळाचे हे वलय अखंड आणि दोन्ही बाजूंस समान असे वर्णिले आहे. परंतु टॉमस विलिसने १६६४ साली ज्याचे विवेचन केले आणि ज्याच्या ग्रंथातील कित्येक आकृती क्रिस्टोफर रेनने रेखाटल्या, त्या वलयाचे हे आदर्श रूप निम्म्याहून अधिक माणसांत पूर्णांशाने आढळत नाही, हे कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, धमनीचित्रे वाचावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आरंभीच ध्यानी धरावे. हा प्रकृतिभेद होय, व्यंग नव्हे. मागची जोडधमनी सुतासारखी बारीक असूनही माणूस जन्मभर विनातक्रार वावरतो. मात्र मानेतील मोठी धमनी तुंबली, अथवा शस्त्रक्रियेत काही काळ दाबून धरावी लागली, म्हणजे पर्यायी रक्तपुरवठ्याची तजवीज अपुरी असल्याचे उघड होते. मेंदूची पश्च धमनी गर्भावस्थेतील धाटणीप्रमाणे पुढच्या प्रवाहावरच पोसली जात असेल, तर मानेतून सुटलेली गुठळी थेट दृष्टिकेंद्रात पोहोचून अर्धे दृष्टिक्षेत्र हिरावते. याहून फसवा दाखला पर्शरोनच्या धमनीचा : दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसना एकच शाखा रक्त पुरवीत असता ती बंद पडली, तर हातपाय चालत असूनही रोगी गाढ गुंगीत जातो, त्याची नजर वर-खाली फिरत नाही, पहिल्या सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि गगनबावड्यासारख्या दूरच्या तालुक्यातून आणलेल्या अशा रोग्यास नशा किंवा विषबाधा झाली असे समजून मोलाचे तास दवडले जाण्याचे भय असते; सबब अशा वेळी एमआरआय तातडीने करवावा.