टॅबच्या कळीमागचे पान

संगणकाच्या इतिहासात यंत्रांना मान मिळतो, यंत्रे घडवणाऱ्यांना मिळतो. त्या यंत्रांबरोबर आलेल्या मॅन्युअलांकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. मला ओढ लागली ती याच पानांची. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते मॅन्युअले वाचून शिकलो, त्यामुळे कोणते पान शिकवते आणि कोणते नुसतेच सांगते, हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. या लेखापुरते एकच उदाहरण घेतो.

शेल म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याची जागा. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आज्ञा टंकायची आणि एंटर दाबायचे. आज्ञा लांबलचक असतात, फायलींची नावे त्याहून लांब. म्हणून अर्धा शब्द टंकून टॅबची कळ दाबली की उरलेला शब्द शेल स्वतः पुरा करतो. या सोयीला ‘कम्प्लीशन’ म्हणतात. मी ‘पूर्ती’ म्हणेन.

पूर्तीचे मूळ युनिक्सच्या बाहेर आहे. अमेरिकेतील बीबीएन या कंपनीने पीडीपी-10 यंत्रासाठी टेनेक्स नावाची कार्यप्रणाली केली. तिच्यात एस्केपची कळ दाबली की अर्धवट आज्ञा पुरी होई. केन ग्रीअर याने 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्नेगी मेलन विद्यापीठात ही कल्पना युनिक्सच्या सी-शेलमध्ये आणायला घेतली. त्यातून आलेल्या टीसीशेलच्या नावातला ‘टी’ टेनेक्सचा.

युनिक्सकडे दुसरी पुंजी होती, ती मॅन्युअलची. पहिल्या आवृत्तीवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. एका आज्ञेला एक नोंद: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, आणि शेवटी ‘बग्ज’, म्हणजे या आज्ञेत काय बिघडलेले आहे याची कबुली. आपल्या मालाचे दोष आपणच छापायचे, ही रीत मला फार आवडते. या मॅन्युअलाच्या दर्जाचा आग्रह डग मॅक्‌इलरॉय यांनी धरला. एखादी गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला बसले की ती लिहिण्यापेक्षा दुरुस्त करणेच सोपे वाटू लागते, हा त्या मंडळींचा अनुभव होता.

पण एका आज्ञेला एक नोंद ही चौकट पूर्तीला पुरेनाशी झाली. पॉल फॉलस्टॅड या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्याने 1990मध्ये झेड-शेल लिहिला. पुढे स्वेन विश्नोव्स्की यांनी त्याची पूर्तीव्यवस्था नव्याने रचली आणि 2001च्या 4.0 आवृत्तीबरोबर ती सर्वांच्या हाती आली. नुसती फायलींची नावे पुरी करण्यावर ती थांबत नाही. कोणत्या आज्ञेला कोणते पर्याय लागतात, एक पर्याय दिला की दुसरा का चालत नाही, तिसऱ्या जागी फाईल हवी की माणसाचे नाव, हे सारे ती ओळखते आणि प्रत्येक पर्यायापुढे त्याचा अर्थही दाखवते. टॅब दाबणाऱ्याला मॅन्युअल उघडावेच लागत नाही.

हे ज्ञान शेलला आपोआप होत नाही. प्रत्येक आज्ञेसाठी कोणीतरी नियमांची फाईल लिहिलेली असते, बहुतेक वेळा बिनपगारी. ती कशी लिहायची हे सांगणारे मॅन्युअलातले प्रकरण चांगलेच लांब आहे आणि चुकीचे म्हणावे असे त्यात मला काही आढळत नाही. अडचण मांडणीची आहे. आधी व्यवस्था सुरू कशी करायची ते, मग शैलींची वर्णानुक्रमे यादी, मग फंक्शनांची वर्णानुक्रमे यादी. शब्दकोश वाचून भाषा शिकण्यासारखेच ते.

‘आर्ग्युमेंट्स’ नावाचे एक फंक्शन घ्या. नियम लिहिणाऱ्याला सर्वांत आधी लागते ते हेच. त्याची सारी भाषा विरामचिन्हांची आहे. संदेशाआधी एक अपूर्णविराम आला तर ती बाब आवश्यक, दोन आले तर ऐच्छिक. आरंभी तारा असेल तर उरलेले सगळे शब्द. चौकोनी कंसात वर्णन, आरंभीच्या गोल कंसात सोबत न चालणाऱ्या पर्यायांची नावे. कडी अशी की नियमाच्या अखेरीस जी कृती लिहायची, तिच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडली तर अर्थ बदलतो. मोकळी जागा नसेल तर शेल त्या कृतीत आपले काही शब्द घुसवतो. असेल तर कृती लिहिली तशीच चालवतो. न दिसणाऱ्या अक्षराला इतके वजन! आणि त्याची वाट लावून देणारे वाक्य त्या लांब वर्णनात एखाददुसरेच.

आपल्याकडे या पेचाला जुना दाखला आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत नियमांचा क्रम नियमांच्या सोयीचा आहे. शिकणाऱ्यासाठी सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी तीच सूत्रे विषयवार लावून सिद्धान्तकौमुदी केली आणि त्यांचे शिष्य वरदराज यांनी ती आणखी आटोपशीर केली. नवे सूत्र एकही नाही, पण विद्यार्थी आत शिरू शकला.

झेड-शेललाही कौमुदीकार मिळाले. त्याच्या विकासकांपैकी पीटर स्टीफनसन यांनी वापरणाऱ्यांसाठी वेगळी मार्गदर्शिका लिहिली. तिच्या पूर्तीवरच्या प्रकरणात ते वाचकाशी बोलत बोलत पुढे जातात. त्यांनीच ऑलिव्हर किडल आणि जेरी पीक यांच्यासह 2004मध्ये पुस्तक केले. पण मूळ मॅन्युअल उघडणाऱ्याला समोर याद्याच दिसतात. कळीचा प्रश्न मला इथे वाटतो. ज्याला पान वाचून शिरता येत नाही तो नियम लिहीत नाही. मग लिहिणारे तेच ते, मोजके, एकमेकांना विचारून शिकलेले राहतात. एकट्याने, पुस्तकावरून शिकणारा दाराबाहेर.

बॅश या शेलमध्ये अशी नियमबद्ध पूर्ती 2000 साली, 2.04 आवृत्तीत आली. तिचेही वर्णन कोरडेच होते. पुढे बॅशच्या मॅन्युअलात एक छोटा विभाग वाढवण्यात आला: ‘सीडी’ या रोजच्या आज्ञेसाठी पूर्तीचे फंक्शन आरंभापासून अखेरपर्यंत लिहून दाखवलेले, प्रत्येक पायरीच्या कारणासह. दस्तऐवज सुधारणे म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी हा विभाग दाखवतो.

2005मध्ये आलेल्या फिश शेलने तर गाडी उलटीच फिरवली. 2013च्या 2.0 आवृत्तीपासून तो यंत्रावरची मॅन्युअलची पानेच वाचतो आणि त्यांतून पर्याय उचलून पूर्तीचे नियम स्वतः तयार करतो. पान अव्यवस्थित असेल तर पर्याय निसटतो आणि टॅब दाबणाऱ्याला तो दिसतच नाही. ज्या पानाला कोणी वाचत नाही असे लेखकाला वाटत होते, त्याला आता असा एक वाचक मिळाला आहे की ज्याला अंदाज बांधता येत नाही.

सध्या मी ‘आर्ग्युमेंट्स’ची मराठी टिपणवही करतो आहे. पहिल्या पानावर दोनच पर्याय घेणारी आज्ञा आहे, दुसऱ्यावर तिला एक फाईल जोडली आहे. मोकळ्या जागेसाठी तिसरे पान अख्खे ठेवले आहे.